अकरा दिवसांचा पाऊस आणि ३१ डिसेंबरची उपासना

नमस्कार मंडळी!

रिसर्चला नव्याने येणारी मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात. डेटा क्लीनिंगमध्ये एवढा वेळ कुठे जातो? आज त्याचं उत्तर जरा लांबच्या वाटेने देते. ही वाट ३१ डिसेंबरच्या रात्री घाटकोपरच्या एका हॉलमधून निघते, जर्मनीत जाते आणि माहीमच्या खाडीवर परत येते. वाटेत थोडी माझी फजितीही आहे.

आधी फजिती. माझं एम.एस्सी. भौतिकशास्त्रात झालं, पण पीएच.डी.साठी मी जुन्या कागदांतला मान्सून शोधते. जहाजांच्या आणि वखारींच्या नोंदींत ‘आज पहिला मोठा पाऊस झाला’ अशा अर्थाचं वाक्य सापडलं की त्याची तारीख टिपायची, आणि अशा तारखांवरून सतराव्या-अठराव्या शतकात पाऊस कधी सुरू व्हायचा याचा अंदाज बांधायचा. दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात माझ्या ग्राफमध्ये एक सुंदर गोष्ट दिसली. मुंबईतल्या इंग्रजी नोंदींप्रमाणे १७५२ पर्यंत पाऊस मेच्या शेवटाला येत होता. त्यानंतर तो सरळ जूनच्या दुसऱ्या आठवड्याकडे सरकत होता. उडी जवळजवळ अकरा दिवसांची! साष्टीकडच्या पोर्तुगीज नोंदी मात्र पहिल्यापासून जूनच सांगत होत्या. त्या संख्येने कमी होत्या, म्हणून मी त्यांना आउटलायर ठरवून बाजूला काढलं. (हे वाक्य लिहितानाही कान गरम होतात.) एका परिषदेसाठी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवायची शेवटची तारीख ५ जानेवारी होती. शीर्षकात ‘अचानक बदल’ हे शब्द होते.

आता ३१ डिसेंबर. मुलुंडला आमच्याच मजल्यावर एक तमिळ कुटुंब राहतं. अंकल-आंटी ल्यूथरन आहेत. तमिळनाडू आणि आंध्रातून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या अशा बऱ्याच कुटुंबांनी आपल्या छोट्या मंडळ्या इथे उभ्या केल्या. वर मी ‘नमस्कार मंडळी’ म्हटलं, पण ख्रिस्ती मराठीत ‘मंडळी’ म्हणजे चर्चचा समाज. त्यांची मंडळी घाटकोपरला दुसऱ्या एका मंडळीकडून घेतलेल्या हॉलमध्ये जमते. आंटी म्हणाल्या, “घरी बसून टीव्हीच बघणार ना? चल आमच्याबरोबर.” गेले.

साडेदहाला उपासना सुरू झाली. तमिळ मला येत नाही, त्यामुळे आंटी कानात हिंदी-मराठी सांगत होत्या. स्तोत्रसंहितेतलं वाचन झालं, गीतं झाली. मग सेक्रेटरी उभे राहिले आणि त्यांनी एका जाड रजिस्टरमधून सरत्या वर्षाचा हिशेब वाचला. किती बाप्तिस्मे झाले, किती लग्नं, कोण बदलून दुसऱ्या गावी गेलं, आणि शेवटी वर्षभरात वारलेल्यांची नावं. एकेक नाव घेताना त्या घरचे लोक उभे राहत होते. एका नावाला फक्त एक कॉलेजातला मुलगा उभा राहिला, एकटाच. बारा वाजायला दहा मिनिटं असताना दिवे मंद केले आणि सगळे गुडघ्यांवर बसले. बाहेर फटाके सुरू झाले तेव्हा आत कोणी बोलत नव्हतं. मग घंटा, नव्या वर्षाचं गीत, प्रभुभोजन. शेवटी एक डबा फिरला. त्यातून प्रत्येकाने वचनाचं एक कार्ड उचलायचं आणि ते वर्षभर जपायचं. मलाही उचलायला लावलं.

नववर्षाच्या दिवशी ल्यूथरन परंपरेत वाचायचा शुभवर्तमानाचा उतारा लूकच्या दुसऱ्या अध्यायातला आहे आणि तो एकाच वचनाचा आहे, एकविसाव्या. आठ दिवस पुरे झाल्यावर बाळाची सुंता झाली आणि त्याचं नाव येशू ठेवलं, एवढंच त्यात आहे. म्हणजे चर्चच्या दृष्टीने १ जानेवारी हा मुळात बारशाचा दिवस! बाखच्या ख्रिसमस ऑरेटोरिओचा चौथा भाग १ जानेवारी १७३५ ला लाइपझिगमध्ये गायला गेला, तोही या नावाबद्दलच आहे. मी तिथे बसून बोटांवर मोजलं. २५ डिसेंबर ते १ जानेवारी, सात दिवस होतात ना? पण पहिला दिवस धरून मोजलं की आठ. आपण नाही का ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो आणि सोमवारचा माणूस पुढच्या सोमवारी येतो? मोजणी कुठून सुरू करायची हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर एकाचा फरक पडतो. कोडिंग करणाऱ्यांना हा एकाचा फरक चांगला माहीत असेल.

उपासनेनंतर फिल्टर कॉफी, केसरी आणि वडे होते. अंकलनी माझी ओळख पाळकांशी करून दिली: “ही जुन्या पावसाच्या तारखा शोधते.” पाळक हसून म्हणाले, “जुन्या तारखा? जपून हं. आमच्या लोकांनी १७०० मध्ये अकरा दिवस गिळलेत.”

अकरा.

माझ्या हातातला वडा तसाच राहिला. ती गोष्ट मी नंतर नीट वाचून काढली, ती अशी.

ज्युलियन कॅलेंडरमध्ये वर्ष ३६५.२५ दिवसांचं धरलं होतं. खरं ऋतुवर्ष त्याहून किंचित लहान आहे, त्यामुळे साधारण १२८ वर्षांत एक दिवसाची चूक साचते. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात दहा दिवसांनी सरकला होता. १५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीने दहा दिवस वगळले. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. गणित बरोबर होतं, पण सांगणारा पोप होता. मार्टिन ल्यूथर तेव्हा हयात नव्हता, मात्र १५३९ मधल्या एका ग्रंथात त्याने कॅलेंडर सुधारणं हे राज्यकर्त्यांचं काम आहे, चर्चचं नाही, अशी भूमिका घेतलेली होती. ल्यूथरन संस्थानांनी हाच मुद्दा धरला. देवाचे सण कधी करायचे हे रोमने आम्हाला का सांगावं?

हा नुसता विद्वानांचा वाद राहिला नाही. आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक आणि ल्यूथरन दोघेही राहत. आजूबाजूचा मुलूख कॅथलिक, व्यापार त्यांच्याशी, म्हणून नगरसभेने नवं कॅलेंडर लागू केलं. ल्यूथरन पाळकांनी ते मानायला नकार दिला. जून १५८४ मध्ये त्यांचा प्रमुख गेओर्ग म्यूलर याला शहराबाहेर काढलं आणि लोक शस्त्रं घेऊन रस्त्यावर आले. एकाच गल्लीत एका घरी नाताळ होऊन गेलेला आणि शेजारी अजून दहा दिवस बाकी, असं ते भांडण होतं. आपल्याला हसू येतं. पण कामगाराने सुट्टी कोणत्या दिवशी घ्यायची, बाजार कधी भरायचा, उपास कधी धरायचा, हे सगळं त्यावर ठरत होतं.

शास्त्रज्ञ तरी एका बाजूला होते का? नाही. ट्युबिंगनचा मिखाएल मेस्टलिन ल्यूथरन आणि पट्टीचा खगोलज्ञ. त्याने नव्या कॅलेंडरविरुद्ध लिहिलं. त्याचाच विद्यार्थी योहानेस केप्लर, तोही ल्यूथरन. त्याने मात्र १६१३ मध्ये रेगेन्सबुर्गच्या राजसभेपुढे नव्या कॅलेंडरची बाजू मांडली. काही उपयोग झाला नाही. गाइडशी मतभेद झाला म्हणून रडणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

शेवटी १७०० जवळ आलं. जुन्या कॅलेंडरमध्ये १७०० हे लीप वर्ष होतं, नव्यात नव्हतं. म्हणजे अंतर दहावरून अकरावर जाणार होतं. तेव्हा जर्मनीतल्या प्रोटेस्टंट संस्थानांनी १८ फेब्रुवारी १७०० नंतर थेट १ मार्च घेतला. डेन्मार्कनेही तसंच केलं, आणि तिथे हे घडवून आणण्यात पुढे होता ओले रोमर. प्रकाशाचा वेग मर्यादित आहे हे गुरूच्या चंद्रावरून दाखवणारा तोच. पण पोपचं ऐकलं असं दिसू नये म्हणून जर्मन प्रोटेस्टंटांनी ईस्टरची तारीख चर्चच्या तक्त्यांवरून न काढता केप्लरच्या ग्रहगणितावरून काढायचं ठरवलं. परिणाम असा की १७२४ आणि १७४४ मध्ये दोघांचे ईस्टर पुन्हा वेगळे आले. अहंकार मोजायचं एकक अजून निघालेलं नाही.

सहा वर्षांनी, ९ जुलै १७०६ ला, बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुत्शाउ हे दोन जर्मन तरुण डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले मिशनरी म्हणून तरंगंबाडीला उतरले. भारतातल्या ल्यूथरन मिशनची सुरुवात ही. अंकलचं घराणंही त्याच किनाऱ्यावरचं. आता गंमत बघा. तरंगंबाडीत डॅनिश किल्ला १६२० पासून होता. तिथल्या ल्यूथरन शिपायांचं नववर्ष मद्रासच्या इंग्रजांच्या दिवशीच यायचं आणि गोव्यातल्या कॅथलिकांनंतर दहा दिवसांनी. १७०० नंतर उलटं झालं. डॅनिश किल्ला तारखेने गोव्याच्या बाजूला गेला आणि प्रोटेस्टंट भाऊबंद असलेले मद्रासचे इंग्रज अकरा दिवस मागे राहिले. त्सीगेनबाल्ग उतरला तो ९ जुलै मद्रासच्या वहीत २८ जून होता.

कारण इंग्रज अजून हटून बसले होते. ते बदलले १७५२ मध्ये. २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर. अकरा दिवस. माझ्या ग्राफमधली उडी याच वर्षी होती. पाऊस जागचा हलला नव्हता, वही हलली होती.

आता आपल्या उपनगरांकडे या. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, हा सगळा भाग साष्टी बेटाचा. १५३४ च्या तहाने तो पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. मुंबई बेट मात्र १६६५ पासून इंग्रजांकडे. म्हणजे सत्तरेक वर्षं माहीमच्या खाडीच्या अलीकडे एक तारीख आणि पलीकडे दुसरी. १ जानेवारी १७०१ ला सकाळी वांद्र्याच्या चर्चमध्ये नववर्षाची प्रार्थना करून कोणी होडीने माहीमला उतरला, तर तिथे २१ डिसेंबर १७०० असायचा. नाताळ अजून चार दिवसांवर! आणखी गुंता असा की इंग्रजांचं कायदेशीर वर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला बदलायचं. (ब्रिटनचं करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं, त्याचं मूळ या २५ मार्चमध्ये आहे.) शेजारच्या गावात शके गुढीपाडव्याला बदलत होतं, आणि मराठी दप्तरातला शुहूर सन सूर्य मृगात गेल्यावर. एका खाडीच्या आसपास एवढी नववर्षं. आज वांद्रे, कुर्ला, बोरिवलीच्या गल्ल्यांत ३१ डिसेंबरला ‘म्हातारा’ जाळतात तेव्हा तो कोणत्या वर्षाचा म्हातारा, हा प्रश्न कोणाला पडत नाही.

याचा कागद वाचताना उपयोग कसा होतो ते एका उदाहरणात सांगते. पोर्तुगीजांनी मुंबई हम्फ्री कुकच्या ताब्यात दिली त्याच्या कागदावर १८ फेब्रुवारी १६६५ अशी तारीख आहे. ही तारीख जुनी की नवी? इंग्रजी पद्धतीत फेब्रुवारी महिना अजून १६६४ मध्येच मोडला असता. कागदावर १६६५ आहे, म्हणजे लिहिणारा वर्ष जानेवारीत सुरू करणारा, पोर्तुगीज. तर मग हा दिवस इंग्रजांच्या हिशेबाने ८ फेब्रुवारी १६६४. तारखेचा आकडा बघण्याआधी वहीचा मालक कोण ते बघायचं.

घरी करून बघायचं असेल तर शिवराज्याभिषेक घ्या. तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. आपण तारीख म्हणतो ६ जून १६७४. ही जुन्या, ज्युलियन पद्धतीची तारीख आहे. राज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन हीच पद्धत वापरत होता. आकाशदर्शनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ६ जून १६७४ टाकली तर ते १५८२ नंतरची तारीख म्हणून ग्रेगोरियन समजतं आणि पडद्यावर तृतीयेच्या आसपासची बारीक कोर दिसते. १६ जून टाका, त्रयोदशीचा भरत आलेला चंद्र मिळेल. चंद्राला कोणाचं कॅलेंडर माहीत नसतं, म्हणून तपासणीला तोच बरा.

चंद्रावरून परत उपासनेकडे येते. मला वाटलं होतं मध्यरात्रीची ही प्रार्थना थेट ल्यूथरपासून आली असेल. तसं नाही. जर्मन ल्यूथरन ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी उपासना करतात आणि त्या दिवसाला आजही ‘सिल्व्हेस्टर’ म्हणतात. हे नाव एका पोपचं आहे हे विशेष! मध्यरात्री जागून वर्ष बदलण्याची पद्धत हेर्नहूट या गावातल्या मोरेव्हियन मंडळीकडून आलेली मानतात. त्या मंडळीचा आश्रयदाता काउंट त्सिंत्सेनडोर्फ ल्यूथरनांच्या हाले शहरात शिकलेला, त्सीगेनबाल्ग जिथून आला तेच हाले. रोज एक वचन निवडून वर्षभराचं पुस्तक छापायची त्यांची प्रथा १७३१ पासून आहे. डब्यातल्या कार्डांकडे बघताना मला तिची आठवण येते. पुढे इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली याने जागरणाची प्रार्थना मेथडिस्टांमध्ये रुजवली. तो ती पौर्णिमेच्या जवळच्या शुक्रवारी ठेवायचा. कारण? लांबून आलेल्यांना घरी जाताना रस्त्यावर उजेड हवा.

हे वाचून मी अंकलना विचारलं की तुमची उपासना साडेदहालाच का? ते म्हणाले, “डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरचे लोक आहेत. रेल्वे त्या रात्री जादा लोकल सोडते. पाळकांचा मेसेज जायच्या आधी आम्ही टाइमटेबल बघतो.” पौर्णिमेच्या जागी मध्य रेल्वे आली, एवढाच फरक.

रजिस्टरचं राहिलंच. वर्षाअखेर जन्ममृत्यूंचा हिशेब मांडणाऱ्या पाळकांतला एक होता ब्रेस्लाउचा कास्पार नॉयमान. हे शहर आज पोलंडमध्ये, व्रोत्स्वाफ नावाने. आपल्याकडे जशी साडेसाती, तशी तिकडे आयुष्याची सातच्या पटीतली वर्षं घातक मानत. नॉयमानने मृत्यूच्या नोंदी वयानुसार लावून बघितल्या. तसं काही दिसेना. १६८७ ते १६९१ या पाच वर्षांतले ६१९३ जन्म आणि ५८६९ मृत्यू असा त्याचा डेटा लंडनला पोचला आणि १६९३ मध्ये एडमंड हॅलीने त्यावरून आयुर्मानाचा तक्ता छापला. हो, धूमकेतूवाला हॅली. विमा आणि पेन्शनचं गणित या तक्त्यावरून पुढे वाढलं. हॅलीचं नाव सगळ्यांना माहीत, नॉयमानचं आकडेवारी शिकवणाऱ्यांनाही क्वचित. डेटा गोळा करणाऱ्याचं हे असंच होतं. जाऊ दे.

त्या रात्री आम्ही निघायच्या बेतात असताना एकाच्या फोनवर मेसेज आला. मंडळीतल्या एका घरी मुलगी झाली होती, ३१ तारखेला रात्री अकरा चाळीसला, हॉस्पिटलमध्ये. हॉलमध्ये टाळ्या झाल्या आणि लगेच वादही. सेक्रेटरींनी तर वर्षाची बेरीज वाचून झाली होती, खाली दोन रेघा मारल्या होत्या. कोणी म्हणालं, नव्या वर्षात घ्या, शुभ आहे. कोणी म्हणालं, बाप्तिस्मा होईल तेव्हा आपोआप येईलच. मुलीच्या आजोबांना ते पटेना. “ज्या वर्षी माझी बायको गेली त्याच वर्षी ही आली,” एवढंच ते म्हणाले. तासाभरापूर्वी त्या नावाला ते उभे राहिले होते.

सेक्रेटरींनी चष्मा लावला, दोन रेघांच्या खाली नोंद केली, जुनी बेरीज वाचता येईल अशी एकाच रेघेने खोडली, शेजारी नवी लिहिली, सही केली आणि सहीखाली वेळ घातली: १२.५०. मी त्या पानाचा फोटो काढू का म्हणून विचारलं. त्यांनी वही मिटली. म्हणाले, “नको बेटा, लोकांची नावं आहेत यात.”

आम्ही कल्याणकडची जादा लोकल पकडली. घरी येऊन लॅपटॉप उघडला, शीटमध्ये ‘कॅलेंडर’ नावाचा नवा कॉलम घातला आणि प्रत्येक नोंदीपुढे वही कोणाची ते लिहायला बसले. १७५२ च्या आधीच्या इंग्रजी तारखा बदलून घेतल्या, पोर्तुगीज नोंदी परत आत आणल्या. पहाटेपर्यंत उडी नाहीशी झाली होती. १ जानेवारीला सकाळी सरांना मेल केला की अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवत नाही, का नाही तेही लिहिलं. त्यांचं उत्तर दुपारी आलं, एका ओळीचं: “बाजूला काढलेल्या नोंदींची यादी पाठव, आणखी काय काढलंय ते बघू.”